पडद्यावरचा फोटो कागदावर तसाच उतरावा म्हणून

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लेखी मजकूर)



आम्ही चौघे, दोघे धारचे आणि दोघे देवासचे, गेली काही वर्षे आपल्या घरांतले जुने फोटो स्कॅन करून, नीट करून, पुन्हा कागदावर छापून देतो. हा आमचा धंदा नाही. सुट्टीच्या दिवशी कोणाकडे तरी जायचे, माळ्यावरची ट्रंक खाली काढायची, आणि चहा-पोह्यांवर संध्याकाळपर्यंत बसायचे, एवढाच व्यवहार. या कामात एक प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो: "अहो, कॉम्प्युटरवर इतका छान दिसत होता, छापून आणल्यावर असा काळवंडला कसा?" आणि त्याच्यामागोमाग दुसरा: "मुलगा म्हणतो नवा मॉनिटर घेऊ. कोणता घ्यावा?" मंडळाने आज दुसऱ्या प्रश्नावर बोलायला सांगितले आहे. पण पहिल्याचे उत्तर दिल्यावाचून दुसऱ्याचे देता येत नाही, म्हणून थोडा वेळ घेऊ.

इतका खटाटोप कशासाठी, हे आधी सांगतो. आपली बरीचशी घराणी पवारांच्या मागोमाग माळव्यात आली. धारला एक राज्य, देवासला थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या. कारकून, फडणीस, वैद्य, पुराणिक, मास्तर असे आपले पूर्वज इथलेच झाले. त्यांच्या कागदपत्रांपैकी थोडी दप्तरांत राहिली, पण चेहरे राहिले ते फोटोंतच. आणि ते फोटो दर पावसाळ्यात थोडे थोडे जात आहेत. काचेला चिकटलेले, बुरशीचे ठिपके पडलेले, कोपरे वाळवीने नेलेले. आणखी वीस वर्षांनी मूळ फोटो बहुतेक घरांत नसेलच. आपण आज जो छापून ठेवू तोच मूळ म्हणून ओळखला जाईल. पणजी सावळी होती की गोरी, तिच्या कपाळावरची चिरी केवढी होती, पणजोबांच्या पगडीला जर होती की नव्हती, हे नातवंडे त्या कागदावरूनच ठरवणार. सावळी पणजी छापखान्यातून गोरीपान होऊन आलेली आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे. कोणी मुद्दाम केले नव्हते. फोटो ज्या पडद्यावर पाहून सुधारला, तो पडदाच खरे सांगत नव्हता.

आता काळवंडण्याचे कारण. कागद स्वतः उजेड देत नाही, खोलीतला उजेड परत फेकतो. मॉनिटर स्वतःच दिवा आहे. दुकानातून आणलेला साधा मॉनिटर पूर्ण उजेडावर लावला, तर त्याचा पांढरा रंग २५० ते ३५० कँडेला प्रति चौरस मीटर इतका प्रखर असतो. (हे माप लक्षात राहिले नाही तरी चालेल, आकडे तेवढे ध्यानात ठेवा.) उलट, चांगल्या उजेडाच्या खोलीत धरलेला पांढरा कागद साधारण ८० ते १२० भरतो, आणि रात्री एका ट्यूबलाइटखाली त्याहूनही बराच कमी. म्हणजे आपण फोटो दुप्पट-तिप्पट उजेडात पाहत असतो. त्या उजेडात सावलीतला काळा कोटसुद्धा घडीसकट दिसतो, चेहरा जरा जास्तच उजळ वाटतो, म्हणून आपण फोटो थोडा गडद करतो, आणि छापून येतो तो काजळलेला. मग लॅबवाल्याला दोष. बहुतेक वेळा लॅबवाल्याने जे पाठवले तेच छापलेले असते.

म्हणून मॉनिटर निवडताना पहिली परीक्षा ही की, तो मंद करता येतो का, आणि मंद केल्यावर नीट राहतो का. दुकानदार हे कधी सांगणार नाही. इंदूरच्या दुकानांत आम्ही एक वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की तोंडपाठ झाले: "सर, इसमें कलर एकदम खिल के आते हैं." ते खरेही असते. पण आपल्याला खुललेले रंग नकोत, कागदावर येणार तेवढेच हवे आहेत. काही स्वस्त मॉनिटर १०० कँडेलापर्यंत खाली आणले की त्यांच्या काळ्या छटा एकमेकींत मिसळतात, किंवा पांढऱ्यावर पिवळट-गुलाबी झाक येते. दुकानातच उजेड कमी करायला सांगा, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पायऱ्या असलेली राखाडी पट्टी पेन ड्राइव्हवर नेऊन उघडा. सर्वांत गडद दोन-तीन पायऱ्या वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत, आणि कुठल्याही पायरीला हिरवी किंवा जांभळी झाक असता कामा नये. आपले बरेचसे काम कृष्णधवल फोटोंचे आहे. त्यासाठी या एका पट्टीइतकी चोख परीक्षा दुसरी नाही.

दुसरी परीक्षा पॅनेलची. बाजारात मुख्यतः तीन जाती दिसतात: टीएन, व्हीए आणि आयपीएस. टीएन पडद्यासमोर मान जरा वरखाली केली की सावल्या बदलतात. फोटोच्या कामाला तो बाद. व्हीएचा काळा रंग खोल असतो, सिनेमाला छान, पण समोरून पाहताना अगदी गडद छटा दबून जातात आणि बाजूने पाहिले की फिकट होतात. आयपीएसचा काळा रंग तितका खोल नसतो, अंधाऱ्या खोलीत तो राखाडीच वाटतो, पण बसण्याची जागा बदलली तरी रंग फारसे हलत नाहीत. चारजण एका पडद्याभोवती बसून "हे कोण, बापूकाका की त्यांचे थोरले भाऊ?" असा वाद घालणार असतील, आणि आपल्याकडे तो होतोच, तर आयपीएसच घ्यावा. शिवाय काळ्याच्या बाबतीत कागद आणखी गरीब आहे. मॉनिटरवर पांढऱ्या-काळ्यात हजारास एक असा फरक असेल, तर चांगल्या चकचकीत फोटो कागदावर तो सुमारे दोनशेस एक असतो आणि मॅट कागदावर त्याहून बराच कमी. पडद्याच्या खोल काळ्यासाठी पैसे मोजून कागदावर तो उतरणार नाही.

गेमिंगसाठीचा भरधाव पडदा, वक्र पडदा, एचडीआरचा शिक्का, यांतले काहीही या कामाला लागत नाही. वक्र तर मुळीच नको. पगडीची कड सरळ आहे की फोटो तिरका स्कॅन झाला आहे, हे कळणे मुश्कील.

आता रंगांविषयी, आणि इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण पैसा इथेच जास्त जातो.

मॉनिटरच्या खोक्यावर दोन नावे दिसतात, एसआरजीबी आणि अडोबी आरजीबी. रंगांची ही दोन आवारे आहेत असे समजा. एसआरजीबी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून मांडले. आज मोबाइल, संगणक, बहुतेक फोटो लॅब यांची ती सामाईक भाषा आहे. अडोबी आरजीबी १९९८ चे. त्याचे आवार मोठे आहे, मुख्यतः हिरव्या आणि निळसर-हिरव्या बाजूला. चांगला इंकजेट प्रिंटर त्या बाजूचे काही रंग छापू शकतो, पण एसआरजीबीच्या पडद्यावर ते दिसतच नाहीत. मोठ्या आवाराचे मॉनिटर, उदाहरणार्थ आयझोचे कलरएज किंवा बेनक्यूच्या एसडब्ल्यू मालिकेतले, यासाठीच महाग असतात.

मग ते घ्यावेत का? आमचे उत्तर: आपल्यापैकी बहुतेकांनी घेऊ नयेत. पणजोबांचा तपकिरी फोटो, आई-वडिलांच्या लग्नातले कृष्णधवल फोटो, १९७०-८० च्या सुमाराचे रंगीत फोटो, हे सगळे एसआरजीबीच्या आवारात आरामात बसतात. तेवढ्यासाठी पूर्ण एसआरजीबी दाखवणारा मध्यम किमतीचा आयपीएस पुरे. खोक्यावर "एसआरजीबी ९९ टक्के" किंवा "१०० टक्के" असे लिहिलेले असावे, आणि कारखान्यात रंग तपासल्याची चिठ्ठी आत असली तर उत्तम. त्या चिठ्ठीवर डेल्टा ई नावाचा आकडा असतो. हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यांतले अंतर. दोनच्या खाली असेल तर साध्या डोळ्याला फरक जेमतेम कळतो.

अपवाद आहे. आमच्यातल्या एकाला धार जिल्ह्यातल्या बागच्या छापील कापडांचे फोटो काढून मोठे छापायचे असतात. त्या कापडातला लाल आणि काळा पाहिला नसेल तर एकदा जाऊन पाहा. तुरटीच्या खळीचा ठसा मारताना खरा लाल दिसतच नाही. कापड बाघिनी नदीत धुऊन, अलिझरीन आणि धावड्याच्या फुलांबरोबर भट्टीत उकळले की मग तो उघडतो. छापणाऱ्याला ठसा मारतानाच ठाऊक असते की शेवटी काय येणार. आपल्याला तेवढी वर्षांची नजर नाही, म्हणून मॉनिटर लागतो. कापड, पैठणी, महेश्वरी, मोरपंखी शालू असे फोटो घरच्या चांगल्या प्रिंटरवर छापणाऱ्याने मोठ्या आवाराचा मॉनिटर जरूर पाहावा. पण तोच फोटो गावातल्या लॅबला द्यायचा असेल, तर लॅबचे यंत्र बहुधा एसआरजीबीच धरून चालते. अडोबी आरजीबीतली फाइल तशीच दिली तर मोरपंखी शालू फिका, मळकट होऊन येतो. तिथे जास्तीचे पैसे वाया.

याच ओघात पिवळेपणाबद्दल. राजा दीनदयाळ इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करता करता १८७० च्या दशकात छायाचित्रणाकडे वळले. त्या काळचे फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर छापत, आणि त्यांचा तपकिरी-जांभळट रंग मुळातलाच असे. वयाने आलेला पिवळेपणा वेगळा. तो पांढऱ्या भागांत, म्हणजे धोतरात आणि आकाशात, आधी दिसतो. हे दोन पिवळे वेगळे ओळखायचे, एक ठेवायचा आणि दुसरा कमी करायचा, तर पडद्याचा स्वतःचा रंग मध्ये येता कामा नये. नवे मॉनिटर बहुधा निळसर लावून येतात, कारण निळसर पांढरा दुकानात स्वच्छ वाटतो. निळसर पडद्यावर आपण नकळत फोटोत पिवळा वाढवतो, आणि कागदावर सगळ्यांना कावीळ. १९७०-८० च्या रंगीत फोटोंत उलटे संकट असते. त्यांतला निळसर रंग आधी उडतो आणि चेहरे लालभडक होतात. तो लाल किती कमी करायचा, हे ठरवायला पडद्यावरचा राखाडी खरोखर राखाडी पाहिजे. धारला स्थायिक झालेल्या शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडक्यांच्या एखाद्या प्लास्टरच्या पुतळ्याचा कृष्णधवल फोटो मिळाला, तर तो पडद्यावर लावून पाहा. प्लास्टरला स्वतःचा रंग नसतो. दिसला, तर तो मॉनिटरचा.

आकाराचे लवकर उरकतो. २४ इंच, १९२० गुणिले १२०० असला तर कामापुरता. २७ इंच, २५६० गुणिले १४४० अधिक सोयीचा. २७ इंचात १९२० गुणिले १०८० घेऊ नका, ठिपके मोठे दिसतात आणि फोटो नाहक मऊ वाटतो. फोर-के चांगलाच, पण छापील अचूकतेचा त्याच्याशी संबंध नाही. पडदा चकचकीत नको, मॅट हवा, नाहीतर आपण आपलीच छबी पाहत बसू.

आता मॉनिटर घरी आला. इथे बहुतेक जण थांबतात. आम्ही म्हणू, मॉनिटरवर थोडे कमी खर्चा आणि रंग मोजणारा सेन्सर घ्या. डेटाकलरचे स्पायडर किंवा कॅलिब्राइटची यंत्रे, लहानशी, उंदराएवढी. ते पडद्यावर ठेवायचे. सॉफ्टवेअर एकामागून एक रंग दाखवते, यंत्र मोजते, आणि पडदा कुठे किती चुकतो याचा हिशेब प्रोफाइल म्हणून संगणकात ठेवते. छपाईसाठी उजेड ८० ते १२० कँडेला, गॅमा २.२, पांढरा डी ६५ किंवा त्याहून थोडा उबदार, एवढे सांगितले की पंधरा-वीस मिनिटांचे काम. त्याआधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवायचा. देवासकरांना समजावणे सोपे आहे: कुमारजींच्या गावात तंबोरा न जुळवता बैठक सुरू करायची का? आणि एकदा जुळवला म्हणजे कायमचा जुळला असेही नाही. मॉनिटरचा दिवा वर्षांनी मंदावतो, रंग सरकतात. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजावे.

सेन्सरशिवाय दोन मॉनिटर शेजारी ठेवून पाहा. एकच फोटो दोन तऱ्हेचा दिसेल. एकाच गावात दोन दरबार चालवलेल्या देवासला याचे नवल नको. पण फोटो छापायचा तर कोणाचा हुकूम मानायचा, हे ठरवणारा कोणीतरी तिसरा लागतो, तो हा सेन्सर.

मोबाइलविषयी प्रत्येक सभेत विचारतात, म्हणून सांगून ठेवतो. मोबाइलचा पडदा रंग गडद करून दाखवतो, उजेड स्वतःच कमी-जास्त करतो आणि रात्री पिवळा होतो. पाहायला छान, पण छपाईचा निवाडा त्यावर करू नये. संगणकावरही रात्रीचा पिवळा प्रकाश आणि आपोआप उजेड बदलण्याची सोय बंद ठेवा.

खोली तितकीच महत्त्वाची. मॉनिटरमागची भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर डोळा फसतो. फिकट राखाडी किंवा पांढरी बरी. खिडकीचे ऊन पडद्यावर नको. छापलेला फोटो मात्र दिवसाउजेडी, खिडकीजवळ, उन्हात नव्हे, असा पाहावा. मंडपाच्या रंगीत एलईडी माळांखाली फोटो पाहून "लाल जास्त झाला" म्हणणाऱ्या काकांना आम्ही दरवर्षी हात धरून अंगणात नेतो, आणि तिथे ते हसून चूप होतात.

राहिली लॅब. फाइल एसआरजीबीत द्या, आणि "ऑटो करेक्शन बंद ठेवा" असे स्पष्ट सांगा. लॅबच्या यंत्राला चेहरा गडद वाटला की ते आपोआप उजळ करते. सावळ्या माणसांचे सगळे फोटो त्यात धुऊन निघतात. पणजी गोरी होते ती मुख्यतः इथे. पहिल्यांदा मोठा फोटो छापू नका. चार बाय सहाच्या एका कागदावर राखाडी पट्टी, एक सावळा चेहरा, एक गोरा चेहरा आणि थोडे लाल कुंकू असा नमुना छापून आणा, तो मॉनिटरशेजारी धरा, आणि पडद्याचा उजेड दोन्ही जुळेपर्यंत कमी करा. सेन्सर नसला तरी एवढ्याने अर्धे काम होते. सॉफ्टवेअरमध्ये कागदाचा परिणाम आधी दाखवण्याची सोयही असते, मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येसुद्धा आहे. पण त्यासाठी त्या कागदाचे प्रोफाइल लॅबकडून मिळायला हवे, आणि आपल्याकडच्या लहान लॅब ते क्वचितच देतात. नमुन्याची पट्टी सर्वांना मिळते.

एका आजींनी मागे विचारले होते, "इतकी सूक्ष्म पाहणी कोण करणार? भिंतीवर टांगायचा तर आहे." खरे आहे. पण देवासला नोटांचा छापखाना आहे, तिथली शाईसुद्धा इथेच तयार होते. आज छापलेली पाचशेची नोट आणि उद्याची, दोहोंच्या रंगात फरक पडला तर दुकानदार हातात धरणार नाही. त्याच आजींनी आम्हाला त्यांच्या सासूबाईंच्या एका फोटोचे दोन छापील कागद दाखवले, दोन मुलांनी दोन ठिकाणी छापलेले. एकात साडी जांभळी, दुसऱ्यात विटकरी. मूळ फोटो तोवर हरवला होता. आजी म्हणाल्या, "विटकरीच होती, मी नेसले आहे ती." त्या आहेत म्हणून कळले.

किमती आम्ही मुद्दाम सांगितल्या नाहीत. दिवाळीपर्यंत त्या बदलतात. पण प्रमाण सांगतो. दहा रुपये असतील तर सहा-सात मॉनिटरवर, बाकीचे सेन्सर आणि नमुन्याच्या छपाईवर. सेन्सर प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. वर्गणीतून मंडळाने एक घेतला आहे, तो वाचनालयाच्या कपाटात असतो. वहीत नाव लिहून आठवडाभर न्यावा. न्यायच्या आधी मॉनिटरचे नाव आणि मॉडेल वहीत लिहावे, म्हणजे कोणत्या पडद्याने काय दाखवले याची नोंद पुढच्याला उपयोगी पडेल. राखाडी पट्टी आणि चेहऱ्यांचा नमुना त्याच कपाटातल्या पेन ड्राइव्हवर आहे. आणि ज्यांच्या घरी ट्रंका अजून उघडायच्या आहेत, त्यांनी आम्हाला अनंत चतुर्दशीनंतर कळवावे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्या दिवशी शेजारी बसवा. साडीचा रंग मॉनिटरला माहीत नसतो.